पुसलेल्या डिस्कवरचं पान

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. यात पदरचं काही घातलेलं नाही.

मार्च २००६. रविवार, सकाळचे अकरा. टोंगातलं वावाउ बेट, नेइआफूमधल्या आमच्या शाळेची संगणक खोली.

उपग्रहावरून येणारं इंटरनेट म्हणजे मुंगीची चाल. म्हणून एकदा उघडलेलं पान आमचं यंत्र डिस्कवर ठेवून घ्यायचं आणि पुन्हा मागितलं की तिथूनच द्यायचं. पण प्रत्येक पानाची वेगळी फाइल. लाखो फाइली धुंडाळताना डिस्कला धाप लागायची.

मी नवी पद्धत निवडली. एकच मोठी फाइल, तिच्यात ओळीनं पानं. ती भरली की सगळ्यात जुन्या पानावर नवं लिहायचं.

त्यासाठी आधीचं सगळं पुसावं लागणार होतं.

"भावोजी, रविवारी आम्ही लाकूडसुद्धा फोडत नाही," चर्चला निघालेला माझा मेहुणा तानिएला म्हणाला. "उद्या करा की. डिस्क काय पळून जातेय?"

"मुलं नाहीत तोवर उरकतो. तू जा, माझ्या वाटचंही गाऊन ये."

पुसली.

आणि मग आठवलं... फेलेटी.

कालोलाइने काकूंचा मुलगा. मासेमारीच्या बोटीसकट बेपत्ता झालेला. त्याचा एकुलता एक फोटो बोटीच्या वेबसाइटवर होता आणि ती केव्हाच बंद पडली होती. उरला होता तो आमच्या डिस्कवर. काकू दर सोमवारी येऊन बघायच्या. "वेगळा काढून ठेवतो," असा मी त्यांना शब्द दिला होता.

साफ विसरलो. माझीच मला लाज वाटली.

चर्चमधलं गाणं ऐकू येत होतं. ते मध्येच थांबलं...

डिस्क गुरगुरली.

पडद्यावर यंत्राची नोंद उमटली. फेलेटीचं पान. डिस्कवरून दिलं.

खोलीतले बाकीचे संगणक बंद होते. डिस्क रिकामी होती.

सोमवारी मी काही बोलायच्या आत काकूंनी पान उघडलं. फेलेटी होता. बोटीच्या कठड्याशी, नेहमीसारखाच. फक्त आधी तो समुद्राकडे बघायचा...

"आज माझ्याकडे बघतोय," काकू म्हणाल्या.

सहा महिन्यांत ती फाइल नऊ वेळा भरली. जुनी पानं गेली. फेलेटीचं गेलं नाही. दर सोमवारी तो जरासा जवळ आलेला असायचा.

मग एका सोमवारी कठडा दिसलाच नाही.

"त्याच्या मागचं दार ओळखलंस का रे?" काकूंनी हसत विचारलं. "इथलंच आहे ना?"

दार माझ्या पाठीशी होतं. मी वळून बघितलं नाही.

आजही मी खुर्ची भिंतीला टेकवूनच बसतो.