नवरीची जागा

आवाज साफ करायचा धंदा आणि राहायला भिवंडी, यावर माझे मित्र अजून हसतात. खोली टेमघरला आहे, पण वारा फिरला की नारपोलीचे कापडाचे लूम इथवर ऐकू येतात. म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्यात. आत बसून मी लोकांच्या जुन्या कॅसेटी दुरुस्त करतो. खरखर काढतो, दबलेला आवाज वर आणतो. भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. टेपमधून विचित्र काही ऐकू आलं की मी आधी मशीनचं हेड पुसतो.

अकलोलीकडून चंद्राबाई आल्या त्या भाचीला, मेघालीला, घेऊन. बाई सत्तरीच्या, आवाज खणखणीत. गोधड्या बघून म्हणाल्या, "थंडी लय वाजते वाटतं तुला!" मग पिशवीतून कॅसेट काढली.

"माझ्या हळदीचा धवला हाय यात. आयशीनं म्हटलेला."

त्यांची आई जानकीबाई धवलारीण होती. धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायची आणि नवरीचं नाव गाण्यात गुंफायची. ती गेली, आणि आता गावात म्हणणारं कुणी उरलं नाही. मेघालीचं लग्न तोंडावर आलेलं.

"आजीच्या आवाजात हळद लागावी, एवढंच आहे सर," मेघाली म्हणाली. "नाहीतर डीजे काय, वाजणारच आहे."

"माझं नाव काढ न् हिचं घाल," चंद्राबाई म्हणाल्या. "माझं लगीन कवाच लागून गेलं. मला काय करायचंय आता?" मग जरा थांबून, "पन भाऊ, आये नाव उगाच घेत नसं. नीट कर हां."

"मावशी, माझ्यावर सोडा."

असलं अवघड काम मला मनापासून आवडतं. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. 'चंद्रा' जिथे जिथे होतं, तिथून अलगद उचललं. मेघालीचं नाव मी जानकीबाईंच्याच आवाजातून जुळवलं. 'मेघ'मधला मे, 'घागर'मधला घा, 'हळद लागली'मधला ली. सूर थोडा चढवला, श्वास जुळवला. ऐकलं, आणि स्वतःवरच खूश झालो. म्हातारी जणू नातीलाच हाक मारत होती.

ताडून पाहायला म्हणून मूळ कॅसेट लावली. 'चंद्रा' जिथे होतं तिथे काहीच नव्हतं. श्वासाएवढी रिकामी जागा, आणि पुढे गाणं चालू.

मूळ टेपला मी हात लावला नव्हता. हेड पुसलं, परत लावली. तेच. टेप खराब झाली म्हणावं, तर आजूबाजूचे शब्द जागच्या जागी. घाबरलो नाही, खरं सांगतो. उलट मजा वाटायला लागली. इतक्या वर्षांत असं कोडं कुणी आणून दिलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी दुपारी मेघाली एकटीच गाणं न्यायला आली. ऐकताना तिचे डोळे भरून आले.

"मावशी नाही आल्या?" मी विचारलं.

"कुठली मावशी?"

"चंद्राबाई. तुझ्यासोबत आल्या होत्या ना."

"मी एकटीच आलेले, सर." ती हसली. "आईला बहीणच नाही."

"मग कॅसेटमध्ये हळद कुणाची आहे?"

ती विचारात पडली. "कुणालाच माहीत नाही. आईला विचारलं तर ती नुसती बघत बसली."

ती गेल्यावर मी चंद्राबाईंना फोन लावला. असा नंबरच अस्तित्वात नव्हता.

आमच्या कामात काढलेला आवाज वेगळा साठतो. तो उघडला. त्यात जानकीबाईंच्या तोंडचं 'चंद्रा, चंद्रा' एवढंच असायला हवं होतं.

चंद्राबाई बोलत होत्या. आजच्या, सत्तरीच्या.

"भाऊ, हितं कुनी हाय का रं?"

मी हेडफोन काढला. पुन्हा घातला.

"भाऊ?"

त्यांचं नाव परत बसवायला हवं होतं. पण धवल्यात नवरीची जागा एकच. तिथे आता मेघाली होती.

हे नुसते आवाज आहेत, असं मी स्वतःला बजावलं. तरी हेडफोनचा आवाज कमी केला. आणि भीतीच्या खाली, काय होतंय ते बघायची हौस होतीच. ती नसती तर बरं झालं असतं.

मेघाली उचलली. चंद्रा बसवली.

लगेच फोन वाजला. चंद्राबाईंचा नंबर.

"काय भाऊ, माझी कॅसेट झाली का?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं. "झाली मावशी, झाली! तुम्ही हळदीला पोचलात ना?"

"कुनाच्या हळदीला?"

"मेघालीच्या. तुमच्या बहिणीची मुलगी."

मग त्यांचा आवाज उतरला.

"कमळाला कुठं पोरबाळ हाय, भाऊ? नवस करून करून थकली बिचारी. कुनी सांगितलं तुला हे?"

मी फोन ठेवला. स्क्रीनवर काढलेल्या आवाजाची नवी फाईल तयार झाली होती. हेडफोन पुन्हा चढवला. मग ऐकली.

आधी बांगड्या वाजल्या, हातभर, नुकत्याच भरलेल्या. मग मेघाली अगदी हळू म्हणाली, "आई, हळद सुकत चाललीय गं."