हिरवा दिवा आणि दहा मिनिटं

तुम्हाला ठाऊक होतं. योजनेच्या परिपत्रकाच्या एकोणिसाव्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत तुम्हीच ते छापलं होतं. तरी दिवा हिरवाच ठेवलात. आता छाया इंगोलेच्या घरात त्या दुपारी काय झालं, ते ऐकून घ्या.

छाया एसटीत वाहक होती आणि नवरा मधुकर त्याच गाडीवर चालक. बावीस वर्षं ती मागून दोरी ओढायची आणि तो पुढं गाडी हाकायचा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घंटीच नाही, तर गाडी चालू. संसारही याच नियमावर झाला.

मग मधुकरला स्नायू झिजवणारा आजार जडला. पाय गेले, हात गेल्यात जमा, बोलणं जड झालं. झोपेत श्वास मध्येच थांबायचा. तेव्हा कुणीतरी हलवून उशाशी उंच करायचं, तोंडावर मास्क धरायचा, की पुन्हा सुरू. फक्त कळायला हवं.

आधी त्याच्या बोटाला चिमट्यानं लावलेलं, श्वास थांबला की वाजणारं वायरचं यंत्र होतं. ते तुम्ही परत नेलंत आणि ‘श्वासराखण’ दिलीत. वायर नाही, चिमटा नाही. घरातला राउटरच राखण करणार. त्याच्या लहरी भिंतीवर, पलंगावर, माणसाच्या छातीवर आदळून परत येतात. छाती तांदळाच्या दाण्याएवढी हलली तरी परतीच्या लहरीत फरक पडतो. फरक पडतोय तोवर स्वयंपाकघरात ठेवलेल्या छोट्या डबीवर हिरवा दिवा, तो थांबला की तिच्यावरच घंटी. छायानं आवाज एसटीच्या घंटीचाच लावून घेतला. एक ठोका.

“म्हणजे अजून... तूच मला थांबवणार, वाहकबाई,” मधुकर शब्द ओढत म्हणाला.

“न थांबवून कसं चालेल? तुम्ही फलाट सोडून चहाच्या टपरीवर गाडी घालणारे.”

पण घंटी उगाचच वाजायची. पंखा फिरला तरी ठोका, पडदा हलला तरी ठोका. दिवसातून तीस वेळा छाया कणकेच्या हातांनी धावत यायची, तर हा डोळे मिचकावून हसतोय. शेवटी तिनं मदतकेंद्राला फोन लावला.

“मॅडम, तुमची वाहिनी ऐंशीवर आहे. एकशे साठ करा.”

“मला समजेल असं सांग, भाऊ.”

“रस्ता रुंद करायचा. वाहिनी जितकी रुंद, तितकी बारीक हालचाल वेगळी ओळखू येते. पंखा वेगळा, छाती वेगळी.”

छायानं फोनवर राउटरचं पान उघडलं, ‘वाहिनीची रुंदी’ शोधली आणि एकशे साठवर बोट ठेवलं. राउटर बंद झाला, सुरू झाला, पण पुढची दहा मिनिटं त्यानं नेट काही दिलं नाही. म्हातारं झालंय बापडं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

घंटी गप्प झाली. चार दिवस एकही खोटा ठोका नाही. छाया कित्येक महिन्यांनी दुपारची बसून जेवली.

पाचव्या दिवशी गारपिटीचे ढग आले. गावाबाहेरच्या टेकडीवर हवामानाचं रडार आहे. ढग आले की त्याचं काम वाढतं. जेवण झाल्यावर मधुकरनं हाताला बांधलेल्या चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवलं. चला. आणि डोळे मिटले. छाया स्वयंपाकघरात मेथी निवडत फोनवर कीर्तन ऐकत होती. मध्येच कीर्तन अडकलं. बुवांचं तोंड उघडं ते उघडंच. तिनं डबीकडं पाहिलं. दिवा हिरवा. घंटी नाही. घंटी नाही म्हणजे गाडी चालू.

तिनं अख्खी जुडी निवडून संपवली. मग नेटला शिव्या घालत, राउटर बंद-चालू करायला मधुकरच्या उशाशी गेली.

त्याचे ओठ जांभळे पडले होते.

तिनं त्याला उचललं, मास्क दाबला, “अहो! अहो!” करत पाठीवर थापा मारल्या. स्वयंपाकघरात दिवा हिरवाच. थंडीत गार पडलेलं इंजिन सुरू व्हावं, तसा कितीतरी वेळानं त्यानं एक श्वास घेतला. मग दुसरा.

डॉक्टर येऊन गेल्यावर तिनं राउटरची नोंदवही उघडली. ‘३.१२ : रडार आढळले. वाहिनी सोडली. नवी वाहिनी तपासत आहे, दहा मिनिटे.’

“नियम आहे, मॅडम, परिपत्रकात छापलाय,” मदतकेंद्राचा माणूस म्हणाला. “रुंद वाहिनीचा थोडा भाग रडारचा असतो. रडारची चाहूल लागली की राउटरनं जागा सोडायची. नवी जागाही रडारच्याच पट्ट्यातली असली, तर दहा मिनिटं गप्प बसून नुसतं ऐकायचं. नाहीतर रडारला ढग नीट दिसत नाहीत.”

“नियम असेल. दिवा हिरवा का होता?”

“शेवटची नोंद ठीक होती ना.”

“मेलेल्या माणसाची शेवटची नोंदही ठीकच असते की रे! लाल का नाही लावलात?”

तो आवाज खाली आणून म्हणाला, “लाल लागला की लोक फोन करतात, ताई. वर तक्रारी मोजतात.”

“मग जुनं यंत्र द्या.”

“ती योजना बंद झाली.”

छायानं रुंदी पुन्हा ऐंशी केली. सकाळी पाहिलं तर एकशे साठ. तिनं परत ऐंशी केली. दुपारी परत एकशे साठ. वरून कुणीतरी बदलत होतं. तिसऱ्यांदा पान उघडलं तेव्हा तिथं कुलूप होतं.

आता ती त्याच्या छातीवर तळहात ठेवून बसते. अंघोळीला जाते ती दार उघडं टाकून. डुलकी लागली तर दचकून उठते आणि आधी तळहाताला विचारते. टेकडीवर ढग अजून आहेत.

काल मधुकरनं पेल्यावर चमचा वाजवला. एकदाच. छाया दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिली.

“अहो, दुसरी?”

त्याच्या हातात बळ उरलं नव्हतं, की त्यानं समजून-उमजून एकच दिली होती, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

तुम्हाला मात्र विचारणारच. घड्याळ समोर ठेवा आणि दहा मिनिटं श्वास रोखून बघा. नाही जमणार. मग सांगा, त्या टेकडीखाली आज किती घरांत हा दिवा हिरवा आहे? आणि त्यातल्या किती घरांत कीर्तन अडकल्यावरही कुणी उठलंच नाही?

आकडा सांगा.