नानांच्या हरवलेल्या वाटा

चमच्याला नाना ‘वाटी’ का म्हणतात, हे कोडं शलाकाला सुटत नव्हतं. तिचे हे आजोबा चंद्रावरच्या वस्तीतल्या मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहीत. शब्दांच्या खेळात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि सगळंच पालटलं.

वस्तीचा नियम निर्दयी होता. बंद घुमटाखाली चुकीच्या शब्दाने जीव जाऊ शकतो, म्हणून ज्याला वस्तूंची नावं सांगता येत नाहीत त्याची रवानगी निद्राकक्षात (औषध देऊन झोपवून ठेवण्याच्या दालनात) होई. तिथून उठून आलेलं कोणी शलाकाने पाहिलं नव्हतं. नानांची परीक्षा जवळ आली होती.

घरचे मायेने मदत करत. नानांनी तोंड उघडायचा अवकाश, की आई आणि यंत्रमानव खटपट्या शब्द पुरवायला हजर. तरी नाना दिवसेंदिवस गप्पच होत चालले.

शेवटी शलाकाने खटपट्यालाच विचारलं. त्याने समजावलं, की शब्द चेतापेशींच्या (मेंदूत निरोप पोचवणाऱ्या पेशींच्या) जाळ्यात राहतात. एकमेकांशी संबंध असलेल्या वस्तूंची नावं शेजारी-शेजारी असतात. नेहमीची वाट तुटली, की माणूस शेजारच्या घरात शिरतो. शब्द बहुधा जागेवरच असतो, आणि पहिल्या अक्षरासारख्या आडवाटेनेही तिथे पोचता येतं. पण वाट चालल्यानेच मळते.

“मग आपण शब्द पुरवतो तेव्हा?”

“तेव्हा आपण चालतो. नाना उभेच राहतात.”

शलाकाला रडू फुटलं. त्या दिवसापासून ती नानांशी भेंड्या खेळू लागली. तिच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून नानांनी नवा शब्द शोधायचा, आणि तोवर कोणी ब्रही काढायचा नाही. थांबणं सगळ्यांना फार जड जाई.

परीक्षेत डॉक्टर दातारबाईंनी हवेची नळी दाखवली.

“दोरी,” नाना म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. शलाकाने ओठ दातांखाली धरले. नाना भेंड्यांतला शलाकाचा शब्द स्वतःशीच पुटपुटू लागले, “विमान… न… न…” बराच वेळ गेला. “नळी.”

निम्म्याहून अधिक नावं त्यांना आलीच नाहीत. तरी आपली चूक ओळखून सुधारणाऱ्या माणसाला झोपवायला बाईंचं मन धजेना. त्यांनी महिन्याची मुदत दिली.

परतताना शलाकाने विचारलं, बाकीचे शब्द येतील ना?

“काही कधीच येणार नाहीत,” खटपट्या म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे.

नाना थांबले. “मग नवी…” म्हणाले आणि अडले. आईचे ओठ हलले, तसा शलाकाने तिचा हात दाबला. निद्राकक्षाच्या बंद दारासमोर सगळे मुकाट उभे राहिले.

“नवी वाट पाडू,” नाना म्हणाले.