चार मिनिटं झाकण ठेवा

"पुस्तकं तपासणाऱ्या त्या तुम्हीच का?"

मी मान वर केली. दारात कामाच्या निळ्या कपड्यांतला एक उंच माणूस उभा होता. आमच्या ऑफिसच्या इमारतीची लिफ्ट तपासायला दर महिन्याला येणारा. त्याच्या एका खांद्याला पान्यांची पिशवी, आणि हातात चक्क आमच्याच प्रकाशनाचं पाककृतींचं पुस्तक! टोमॅटोचे डाग पडून पडून लालभडक झालेलं.

"हो, मीच. का?"

"पान त्रेसष्ट. टोमॅटोच्या रश्शातली अंडी. सहा वेळा केली. सहाही वेळा खाली करपली, वर कच्ची. आता तुम्हीच सांगा... पुस्तक चुकलंय की मी?"

स्वर भांडणाचा होता, पण पुस्तक मात्र त्यानं छातीशी घट्ट धरलं होतं. मला हसू आलं. मी पुस्तक घेतलं, पान उलटलं — आणि हसू जागच्या जागी जिरलं.

पाककृती त्रेसष्टवरून चौसष्टवर जात होती. पानं लावताना मधली एक ओळ गळाली होती. "आच मंद करा, झाकण ठेवा आणि चार मिनिटं उघडू नका." लेखिकेच्या हस्तलिखितात ती होती, मी स्वतः पाहिली होती. पण शेवटचं प्रूफ मी भर दुपारी, डबा न उघडताच वाचायला घेतलं होतं. डोळे अक्षरांवर आणि जीव त्या कढईत! उपाशीपोटी पाककृती तपासू नये, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. पण त्या डागांकडे बघून मला राहवेना.

"तुम्ही नाही चुकलात," मी म्हटलं. "मी चुकले."

आता हा माणूस आमच्या साहेबांकडे जाणार, या भीतीनं मी डोळेच मिटून घेतले. तर कानावर आलं एक भलंमोठं हुश्श!

"म्हणजे मी अगदीच नालायक नाहीये?" तो मटकन खुर्चीत बसला. "अहो, थँक्यू! कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटतंय मला."

मग त्यानं सगळं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी त्याची आई गेली. घरात आता तो आणि बाबा, दोघंच. बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. आता दोन बिस्किटं खातात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. आई ही अंडी कधीही करायची. सकाळी घाई असली की अंडी, पाहुणे आले की अंडी, भांडण झालं की रात्रीच्या जेवणालाही अंडीच. कृती मात्र तिनं कुठे लिहून ठेवली नव्हती.

"येत्या रविवारी ताई येतेय," तो म्हणाला. "बाबा असेच अर्धपोटी राहिले तर ती त्यांना कायमचं घेऊन जाणार. तिचं चूक नाही हो. पण मग घरात..."

"शनिवारी सकाळी येऊ?" मी विचारलं. विचारून झाल्यावर माझे कान तापले.

"चूक सुधारायला?"

"दुसरं कशाला?"

"नाही, सहज विचारलं..." म्हणत तो पिशवीतले पाने उगाच खालीवर करायला लागला.

शनिवारी त्याच्या स्वयंपाकघरात मी नुसतं उभं राहायचं, हात त्यानं चालवायचा, असं ठरलं. कांदा, ढोबळी मिरची, लसूण परतून झालं. जिरं आणि तिखट तेलात पडलं तसं दोघंही एकदम खोकलो. टोमॅटो आटेपर्यंत त्याला दम निघेना.

"लिफ्ट दुरुस्त करताना पण अशीच घाई करता?"

"लिफ्ट माझ्याकडे अशी टक लावून बघत नाही!"

मी घाईघाईनं कढईत डोकावले. चमच्यानं रश्शात चार खळगे करून त्यानं अंडी अलगद सोडली. झाकण ठेवलं. मग चार मिनिटं आम्ही दोघं ओट्याशी, खांद्याला खांदा जेमतेम न लागेल इतक्या अंतरावर उभे राहिलो. इतकी छोटी चार मिनिटं मी आयुष्यात अनुभवली नव्हती.

बाबांनी ताटलीकडे बराच वेळ पाहिलं. पावाचा तुकडा मोडला, पिवळं फोडलं, तुकडा रश्शात बुडवला. एक घास. दुसरा.

"मीठ कमी आहे," बाबा म्हणाले. "तिच्याही हातचं कमीच असायचं." आणि ताटली पुसून झाल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "अजून दोन!"

तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो मला काढावासा वाटला नाही.

रविवारी ताई आली तेव्हा मीही होते. निमित्त म्हणून पाव घेऊन गेले होते. बाबांनी तिच्यासमोर तीन अंडी फस्त केली. ताईचे डोळे भरून आले. "बाबा, राहा तुम्ही इथंच. मी नाही आता ओढत."

"पण मी येतोय," बाबा म्हणाले. त्यांची बॅग दाराशी तयार होती!

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, अहो, आता तर जेवताय ना तुम्ही..."

"म्हणूनच. उपाशी आलो असतो तर लेकीला घोर लागला असता. आता आजोबा म्हणून ऐटीत जातो. नातवंडांना कवायत शिकवतो आणि महिन्याभरात परत येतो." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुझे उपकार आहेत. आठ महिने हा फक्त माझ्याकडे बघत बसलाय. आता जरा दुसरीकडे बघू दे त्याला."

गाडी गेली. आम्ही वर आलो. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

"आता कुणासाठी करणार अंडी?" मी विचारलं.

"ते बाबांसाठी होतं, खरंच." त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "पण काल तुम्ही गेल्यावर मी... वाट बघत होतो. तुमची. तुम्ही आवडता मला. खूप."

"मलाही," मी म्हणून टाकलं. माझ्या एका चुकीनं मला एवढं दिलं होतं, की कुणाचे आभार मानावेत तेच कळेना.

मी घरी फोन लावला. "आई, जेवायला थांबू नकोस माझ्यासाठी."

"का गं? कुणाकडे आहेस?"

तो कांदा हातात घेऊन, श्वास रोखून माझ्याकडे बघत होता.

"उद्या घेऊन येते त्याला," मी म्हटलं. "तूच बघ."