निशाणी वल्ह्याची

खोटं वाटलं तर वाटू दे. ज्यांना पटवून घ्यायचंच नाही त्यांची समजूत काढायला मी बसलेलो नाही.

पण हे घडलंय. रत्नागिरीत, मांडवी बंदरावरच्या कौलांच्या वखारीत. सन १९३०, फेब्रुवारीतले तीन दिवस, शुक्रवार ते रविवार. आणि तेही भर दुपारी.

ज्याच्या बाबतीत घडलं तो दादू शिवलकर. माझ्या आईचा आजा. म्हणजे खरं तर अहोजाहो करायला हवं. पण ही हकीकत सांगताना माझ्या तोंडून ते निघत नाही. का, ते कळेलच.

दादू वखारीत कारकून होता. वखार आप्पाशेटची. बंदरातल्या दोन फत्तेमाऱ्या, म्हणजे मालाच्या शिडाच्या बोटी, त्याही त्याच्याच. आधी तीन होत्या.

तिसरी दोन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीला, कौलं भरून येताना भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वावटळीत सापडली आणि उलटी झाली. सहा खलाशी गेले. सगळे दारू पिऊन झोपले होते, असा कागद कचेरीत झाला.

कागद दादूच्या अक्षरात होता.

त्या फेब्रुवारीत मुंबईची एक सिनेमा कंपनी आगबोटीनं रत्नागिरीला उतरली. त्यांना अंधारी जागा हवी होती. आप्पाशेटची वखार रिकामी होती. एकही खिडकी नाही. मोठं दार लोटलं की दुपारी तीन वाजतासुद्धा हाताला हात दिसायचा नाही.

चित्र रोमचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं राज्य, संगमरवरी महाल, पिसाळलेला बादशहा, माणसांवर सोडलेले सिंह. आणि एक प्रचंड जहाज. त्याच्या पोटात साखळ्यांनी जखडलेले गुलाम वल्ही मारतात आणि शेवटी ते जहाज उलटतं. चित्र मुकं. पडद्याच्या बाजूला एक पेटीवाला आणि एक तबलजी बसायचा.

कंपनीच्या म्यानेजरनं दाराशी एक टेबल मांडलं. वर अभिप्रायाची वही. खेळ सुटला की लोकांनी मत लिहायचं. पुढच्या गावच्या जाहिरातीत ते छापायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं दादूनं लिहून घ्यायचं आणि त्यांनी खाली आपली निशाणी काढायची. बाईमाणसाची बांगडी, शेतकऱ्याचा नांगर, खलाशाचं वल्हं.

शुक्रवारी पहिला खेळ झाला. एका वकिलानं लिहिलं, 'प्राचीन रोमचे वैभव मूर्तिमंत उभे राहिले.' हायस्कुलातल्या मास्तरांनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. फक्त स्नानगृहाचा देखावा गाळावा.'

हौसा मासळीवाली म्हणाली, "सिंव्ह बरा व्हता. राणीच्या आंगावर मेलीच्या कापड पुरला नाय."

दादूनं लिहिलं, 'सिंह उत्तम. राणीची वस्त्रे नावीन्यपूर्ण.' हौसानं खाली बांगडी काढली आणि खुशीत गेली.

मग केरू आला. सत्तरीचा म्हातारा खलाशी. तो संतापला होता.

"लिव. ही बोट खोटी हाय. वल्ही पडतायत नि पानी हलत नाय. नि बोट उलटली तर मान्सा अशी मुकाट मरत्यात? ज्यानं ह्या काडलान त्याला एकदा माज्याबरोबर दर्यावर पाटव."

दादूनं लिहिलं.

"काय लिवलंस? वाच."

"'जहाजाचा देखावा फारच मनोवेधक आहे.'"

"मी असा कदी बोल्लो?"

"अर्थ तोच, केरूआबा. वहीत चांगलं लिहायचं असतं."

केरू त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "अर्थ तू करनार. आमी खाली नुस्ता वल्हा काडायचा." त्यानं वल्हं काढलं आणि टाक टेबलावर आपटला.

हा होता दादू. दुसऱ्याच्या तोंडचं मालकाला हवं तसं उतरवणारा. मला त्याची चीड येते ती इथपासूनच.

शनिवारी सकाळी म्यानेजर वही घेऊन अंगावर धावून आला. "हे काय लिहिलंस? जाहिरात करायची आहे मला, की तेरावं?"

केरूच्या अभिप्रायानंतरच्या पानावर आणखी एक अभिप्राय होता...

'बोट उलटते तो देखावा खोटा आहे. बोट उलटल्यावर आतली माणसे लगेच मरत नाहीत. दिवस मावळेपर्यंत ठोकत राहतात.'

खाली वल्ह्याची निशाणी. एक नाही. सहा.

आणि त्याखाली, 'हस्ते दादू शिवलकर.'

अक्षर दादूचंच होतं. वेलांटी वळवायची त्याची लकब, सही, सगळं. पण त्यानं ते लिहिलं नव्हतं.

पान हाताला ओलं लागत होतं. कडेनं मीठ फुललं होतं.

म्यानेजरनं पान टरकावून काढलं, चोळामोळा केला आणि बाहेर समुद्रात भिरकावला.

दुपारी तीनला दुसरा खेळ लागला. दादू दाराला पाठ लावून उभा. पडद्यावर जहाज आलं. गुलाम वल्ही ओढू लागले. तबलजी वल्ह्यांचा ठेका धरायचा, तसा त्यानं धरला.

मग त्याला खोकला आला. त्यानं तबल्यावरचे दोन्ही हात उचलून तोंडावर धरले.

आणि ठेका चालूच राहिला...

ठक. ठक. ठक.

जरा थांबून पुन्हा... ठक. ठक. ठक.

तबलजी आपल्या हातांकडे बघत बसला. लोकांना वाटलं, कंपनीचीच काहीतरी करामत असणार. कुणीतरी शाबासकी दिली.

दादूला मात्र तो आवाज ओळखीचा होता.

दोन वर्षांपूर्वी फत्तेमारी उलटली तेव्हा ती लगेच बुडाली नव्हती. पालथी होऊन तरंगत राहिली होती. आप्पाशेट, दादू आणि दोन तांडेल छोट्या होडीतून तिच्यापर्यंत गेले होते. लाकडाला हात लावावा इतक्या जवळ.

आतून ठोकत होते. तीन ठोके आणि थांबणं. तीन ठोके आणि थांबणं.

तांडेलांनी कुऱ्हाड उचलली. आप्पाशेट म्हणाला, "फळ्या तोडू नका. भोक पडलं की आतली हवा जाईल आणि बोट तळाला बसेल. ती कौलं आपटतायत. सकाळी भरतीला ओढून काठाला घेऊ."

माणसं आत. आणि ह्याला बोट वाचवायची होती.

सकाळी आवाज नव्हता. तांडेलांना आप्पाशेटनं पंधरा दिवसांत दूर मुलखातल्या बोटींवर चढवून दिलं. राहिला दादू. त्यानं कागद लिहिला.

शनिवारी खेळ सुटल्यावर दादूनं वही उघडली. फाडलेलं पान... पुन्हा जागेवर होतं. फाटल्याची खूणसुद्धा नाही. तेच शब्द. तीच सहा वल्ही.

भीतीपेक्षा त्याला राग आला. हे कुणीतरी मुद्दाम करतंय. कोण करणार? मथुरा. विठूची बायको.

विठू त्या सहांपैकी एक. दादूचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं एका पारावर खेळलेले. विठूला अक्षर येईना म्हणून वल्ह्याची निशाणी काढायला दादूनंच त्याला शिकवलं होतं.

रविवारी सकाळी दादू वही काखोटीला मारून तिच्या दारात उभा राहिला. ती अंगणात मासळी वाळत घालत होती.

"वैनी, हे धंदे बंद कर. कोणाकडून लिहवून घेतलंस?"

मथुरानं मान वर केली. पूर्वी ती त्याला भावजी म्हणायची. "काय लिवून घेतला? माज्या घरात लिवनारा हाय कोन? लिवनारा तूच. दारवा पिऊन मेला म्हनून लिवलंस. आयुष्यात थेंब घेतला न्हवता त्यानं. माज्या मैनेचा ठरलेला लगीन मोडला. दारुड्याची पोर नको म्हनाले. नि तू माज्या दारात येऊन मला इचारतंस?"

दादूनं पान पुढं केलं आणि वाचून दाखवलं.

मथुरानं हातातली मासळी खाली ठेवली. मग सावकाश म्हणाली, "ठोकत व्हते?"

दादूनं नजर वाळत्या मासळीकडे वळवली.

"कोनी आयकला?"

त्यानं पान तिच्यापुढं आणखी सरकवलं.

तिनं ती सहा वल्ही निरखून पाहिली. सगळ्यांची पाती खाली होती. "माजा घोव पाता वर काडायचा. वल्हा पान्याभायेर असला की खलाशी घरी, असा म्हनायचा." तिनं शेवटच्या वल्ह्यावर बोट ठेवलं. ते कागदावर डावीकडून ओढलेलं होतं. विठू डावखुरा होता. "ह्यो त्याचाच. पन पाता खाली हाय. घरी कुटं आलाय तो?"

दादू निघाला. मागून तिचा आवाज आला.

"आज खेळाला तुजा शेट येनार ना? त्याच्या तोंडावर वाच. नायतर मी सगळ्यांच्या देखत तुजी गचांडी धरीन."

रविवारचा खेळ शेवटचा. आप्पाशेट पुढच्या खुर्चीत, गळ्यात हार. वखार गच्च भरलेली. मागं बायकांत मथुरा बसली होती.

खेळाआधी म्यानेजरनं अभिप्राय वाचायला लावले. दादूनं वकिलांचा वाचला. मास्तरांचा वाचला. राणीच्या नावीन्यपूर्ण वस्त्रांवर हशा पिकला. केरूचा मनोवेधक देखावाही वाचला.

मग ते पान आलं.

आप्पाशेट हसत त्याच्याकडे बघत होता.

दादूनं वही मिटली.

दार लोटलं. अंधार झाला. चित्र सुरू झालं. महाल गेला, सिंह गेले, जहाज आलं. तबलजीनं आज आधीच हात मांडीवर ठेवले होते.

ठक. ठक. ठक...

या वेळी आवाज पडद्याकडून नव्हता.

जमिनीखालून होता.

बसल्या जागी लोकांच्या पायांना हादरे कळू लागले. पोरं रडायला लागली. "कोण ठोकतंय? बंद करा!" आप्पाशेट ओरडला. म्यानेजरनं घाबरून यंत्र थांबवलं. पडदाही विझला.

काळोख.

माणसं दाराकडे धावली. दाराला बाहेरून कडी नव्हती, आतून अडसर नव्हता. तरी दार हलेना. दहा-दहा जणांनी खांदे लावले. लोक दारावर मुठी आपटू लागले. आतून. जिवाच्या आकांतानं.

बाहेर बंदरावर माणसं होती. त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं, आम्हाला काहीएक ऐकू आलं नाही.

"उघडा! अरे उघडा कोणीतरी!" हा आप्पाशेटचा आवाज. रडका.

आणि त्या कल्लोळात मथुरा. "दादू! वाच!"

वाचायला उजेड नव्हता. लागतही नव्हता. दादू अंधारात ओरडला.

"ठोकत होते! मी ऐकलंय! आप्पाशेट म्हणाले, कौलं आपटतायत. बोट वाचावी म्हणून फळ्या तोडू दिल्या नाहीत. कोणीही प्यालेलं नव्हतं. कागद मी खोटा लिहिला. मी!"

जमिनीखालचे ठोके विरळ होऊ लागले. एक थांबला. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा.

सहावा चालूच राहिला...

ठक. ठक. ठक.

"आनि काय?" मथुरा म्हणाली. "सांग. आनि काय?"

"इतकंच," दादू म्हणाला. "इतकंच."

ठोका थांबला. ज्याला धक्के मारून माणसं थकली होती ते दार आपोआप उघडलं. बाहेर चार वाजताचं लख्ख ऊन होतं.

आप्पाशेटनं सगळं नाकारलं. कारकुनाला भ्रम झालाय म्हणाला. कचेरीतला कागद कोणी बदलला नाही, आणि आप्पाशेटच्या केसालाही धक्का लागला नाही. याचा मला आजही संताप येतो. पण अख्ख्या बंदरानं ऐकलं होतं. सहा घरांवरचा डाग पुसला. पुढच्या वर्षी मैनेचं लग्न झालं, आणि तिच्या बापाचं नाव पत्रिकेत मानानं छापलं गेलं.

म्यानेजर मिळेल त्या आगबोटीनं पळाला. वही दादूकडेच राहिली. त्यानं घरी जाऊन पान उघडलं. पाच वल्ही नव्हती. त्यांच्या जागी कागद कोरा करकरीत.

सहावं होतं. डावीकडून ओढलेलं. पातं खाली.

दादू पुढं त्रेचाळीस वर्षं जगला. आमच्या घरात त्याची एक सवय सगळ्यांना माहीत होती. त्याला कोणी हाक मारली की तो दुसरी होऊ द्यायचा नाही. ताटावरून उठायचा, झोपेतून उठायचा. "ओ! आलो!" शेजारच्या घरात दुसऱ्या कुठल्या दादूला हाक मारली तरी हा उठून उभा.

आई लहान असताना त्याला हसायची. एकदा त्यानं तिला जवळ बसवून कारण सांगितलं. फक्त तिला.

त्या दिवशी होडीत नुसते ठोके ऐकू आले नव्हते. आतून हाक आली होती. विठूची. त्यानं लाकडापलीकडून दादूचा आवाज ओळखला होता.

"दादू... ए दादू... मी हाय रे. ओ दे."

आप्पाशेट बघत होता. दादूनं ओ दिली नाही.

वखारीत त्यानं सगळं सांगितलं, एवढं सोडून. मथुरा जिवंत असेपर्यंत तिलाही नाही.

तो गेला ती दुपारची वेळ. घरात आम्ही सगळे होतो. कोणीच काही बोललं नव्हतं. त्यानं एकदम डोळे उघडले, समुद्राच्या बाजूला मान वळवली आणि मोठ्यानं म्हणाला, "ओ, विठू... आलो..."

तेवढंच.

वही आता माझ्याकडे आहे. त्याच्या तेराव्याला मी ते पान उघडलं. वाटलं होतं, वल्हं गेलेलं असेल. नाहीतर निदान पातं तरी वर झालेलं असेल.

वल्हं तिथंच होतं. पातं खाली. कागद ओला होता.

गेल्या महिन्यात पुन्हा पाहिलं. अजून ओलाच आहे.

दादूची ओ विठूपर्यंत पोचली नाही, की पोचूनही त्यानं ती घेतली नाही, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की हल्ली दुपारी घरात कोणी नसताना कुठूनतरी हाक आल्यासारखं वाटतं. नाव माझं नसतं.

तरी मी ओ देतो.