चौथी ओळ

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी साडेसहाला दिनविशेष लिहायचं काम टाइमकीपरचं. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर कसला, सातवीत शाळा सुटलेला माणूस. पण अक्षर असं, की साहेबाला हेवा वाटावा.

साहेबांनी एक जाडजूड पुस्तक देऊन ठेवलं होतं. प्रत्येक तारखेला एक पान. त्यातल्या तीन ओळी उतरवायच्या, तीनच. कुठल्या राजाला मुकुट चढला, कुठला तह झाला, कुठला पूल खुला झाला. पूल बांधताना किती मेले, ते पुस्तकात नसायचं. राजा सर्दीने गेला तरी त्याची ओळ; कामगार किड्यामुंगीसारखे मेले तरी पान कोरं.

आजच्या पानावरही तेच. याच तारखेला, याच कारखान्यात, मास्तरचा बाप बॉयलर फुटून गेला होता. त्याच्यासकट अकरा जण. तीस वर्षं झाली. कंपनीच्या नोंदवहीतली त्या दिवसाची ओळ मास्तरला तोंडपाठ होती: 'बॉयलरची तपासणी. काम चार तास बंद. जीवितहानी नाही.'

त्या अकरांचं मागे उरलं ते एवढंच: खिळ्यांच्या फळीवर तळच्या रांगेत लटकणारे अकरा पितळी बिल्ले. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढून पेटीत टाकायचा, की लागली हजेरी. हे अकरा नंबर पुन्हा कुणी घेतले नाहीत. बापाच्या बिल्ल्याच्या कडेला दातांची खूण होती. बुटाची नाडी बांधताना तो बिल्ला दातांत धरायचा.

मास्तरने तीन ओळी लिहिल्या, डावीकडे सालं घातली, आणि नळावर हात धुवून परत आला. फळ्यावर चौथी ओळ होती.

'बॉयलर फुटून अकरा कामगार ठार.'

अक्षर त्याचंच. साल मात्र तीस वर्षांपूर्वीचं नव्हतं. यंदाचं होतं.

त्याने ओल्या फडक्याने फळा खसाखसा पुसला. फळा वाळत गेला तशी ओळ परत उमटत गेली, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. त्याने तळहात टेकवला. सावलीतला फळा, पण कोमट लागला.

"काय दादा, आज कोण मेलं?"

धाकटा भाऊ. बॉयलरवर कामाला. रोज याच थट्टेने आत शिरायचा. आज त्याने फळा वाचला आणि त्याचं हसू तिथंच विरलं.

"ही कसली चेष्टा?"

"मी नाही लिहिलं."

"अक्षर तुझं आहे की! आई म्हणते ते खरं, आजच्या दिवशी तुझं डोकं ठिकाणावर नसतं." त्याने बिल्ला पेटीत टाकला. "काल दाब मी स्वतः बघितलाय. ठणठणीत आहे. पुस ते आधी, साहेब बघेल."

साहेब आलेच. तोवर तीनशे बारा माणसं आत गेलेली.

"पुसा हे."

"पुसलंय, साहेब. परत उमटतंय. बॉयलर थांबवा."

"आपल्या बॉयलरने आजवर एक माणूस मारलेला नाही. वही वाचा."

"वाचलीय," मास्तर म्हणाला. "धादांत खोटी आहे. माझा बाप त्यात मेलाय आणि तुमच्या वहीने त्याला जन्मालाच घातलं नाही."

मास्तरने भिंतीवरचा भोंग्याचा दांडा खाली ओढला.

माणसं रांगेने बाहेर आली. नियमाप्रमाणे जो तो आपला बिल्ला परत खिळ्यावर लावत गेला. मास्तरने डोकी मोजली. तीनशे बारा. धाकटा शेवटी आला, रागाने लाल. आग विझवून, बॉयलर-घराला कुलूप घालून आला होता.

बॉयलर निवल्यावर तो उघडून तपासला. झडपा, नळ्या, सांधे. कुठं केसाएवढी भेग नाही. माणसं उन्हात उभी राहून मास्तरकडे बघत होती. कुणी हसलं, कुणी शिवी घातली. कुलूप पुन्हा लागलं, चावी धाकट्याच्या हातात आली. साहेबांनी वही मागवली, लिहिलं, आणि मास्तरपुढे आपटली.

"सही करा. आणि उद्यापासून येऊ नका."

'बॉयलरची तपासणी. काम चार तास बंद. जीवितहानी नाही.'

शब्दाला शब्द तोच. मास्तरने सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य खरं होतं.

त्याने फळ्याकडे पाहिलं. तीनच ओळी. चौथीच्या जागी फळा काळाभोर, कोरा. त्याला उभ्या उभ्या रडू आलं.

माणसं परत आत जाऊ लागली. पेटीत बिल्ले खणखणत राहिले. रांग संपली तेव्हा फक्त धाकटा बाहेर उरला होता, बिल्ला आणि चावी हातात घेऊन.

"नोकरी घालवलीस ना," तो हळूच म्हणाला. "आईला मी सांगतो, मी सांभाळून घेतो."

मास्तरने सवयीने पेटी टेबलावर रिकामी केली. तीनशे अकरा हवे होते.

तीनशे बावीस भरले.

पुन्हा मोजले. तीनशे बावीस.

फळीवरची तळची रांग रिकामी होती.

"दादा," धाकटा म्हणाला. तो वर बघत होता. चिमणीतून धूर निघत होता. बॉयलर-घरातून फावड्याचा आवाज येत होता, एका लयीत, सावकाश.

"चावी तर माझ्याकडे आहे."

मास्तरने ढिगातून बापाचा बिल्ला उचलला. चटका बसला, पण सोडवला नाही.

कडेची दातांची खूण ओली होती.