नीतूचे दोन कोच

कोहमाऱ्याच्या चौकात आमची एसटी पंक्चर झाली. पाऊस असा लागला होता की समोरच्या ढाब्यापर्यंत पळेपर्यंत माझी ओढणी पिळायची वेळ आली. कंडक्टर म्हणाला, "अर्धा तास लागते जी." म्हणजे एक तास. मी चहा सांगितला, फोन टेबलावर पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा केला आणि कानात इअरफोन घालून कामाला लागले.

माझं काम म्हणजे नेमबाजी शिकवणं. दहा मीटर एअर पिस्तूल... आणि तेही फोनवरून. मी राहते अर्जुनी मोरगावला, माझे नऊ विद्यार्थी नऊ गावांतले. ते सरावाचे व्हिडिओ पाठवतात, मी थांबवून थांबवून बघते आणि चुका सांगते. त्यातली नीतू गोंदियाजवळच्या कुडव्याची. कॉलेजात शिकणारी, हुशार पोरगी. फक्त एक भानगड होती. ती कुडव्यातल्या एका क्लासलाही जायची, आणि तिच्या प्रत्येक व्हिडिओत मागून त्या क्लासच्या बिसेन सरांचा आवाज यायचा.

"कोपर! नीतू, कोपर!"

दोन महिने तो आवाज माझ्या डोक्यात जात होता. मी तिला सांगायची, कोपर सोड, खांदा बघ. दुसऱ्या दिवशी व्हिडिओत पुन्हा — कोपर!

मी वैतागून एक इअरफोन काढला, आणि मागच्या टेबलावरून तोच आवाज आला. "भाऊ, चहा कडक पाहिजे. पोह्यावरची तर्री वेगळ्या वाटीत द्या."

मी वळले नाही. फक्त मोठ्याने म्हणाले, "कोपर!"

मागे खुर्ची करकरली.

"...मला म्हणालात का?"

आता मी वळले. सावळा, उंच, ओल्या केसांतून पाणी कानामागे उतरत असलेला. हेल्मेट मांडीवर.

"गजेंद्र बिसेन सर?"

"होय. तुमी?"

"खांदा," मी म्हणाले.

त्याने दोन सेकंद माझ्याकडे बघितलं आणि मग त्याचं हसू हळूहळू डोळ्यांपर्यंत चढत गेलं. "अरे बापा... ऑनलाइन मॅडम!"

"आचल डोंगरवार. मॅडमला नाव आहे."

तो स्वतःचा चहा उचलून सरळ माझ्यासमोर येऊन बसला. "एक विचारतो, राग मानू नका. त्या एवढ्याशा काचेत तुम्हाला पोरीचा श्वास दिसते का?"

"तुम्ही तिच्या मागे उभे असता. तुम्हाला तिचा चेहरा दिसतो का?"

"चेहऱ्याने नेम लागत नाही."

"ओरडण्यानेही लागत नाही."

त्याने कप ओठांपाशी नेला, पण प्यायला नाही. "मॅडम, नेमबाजी समोरासमोर शिकायची गोष्ट हाय. हात धरून, खांदा वळवून. फोनवर शिकवणं म्हणजे फोनवर पोहायला शिकवणं."

मला राग यायला हवा होता, पण मी नुसती सरसावून बसले. "मी कशी शिकले माहीत आहे? अर्जुनीत नेमबाजीची रेंज नाही, सर नाहीत. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. रोज एक तास मी तिथे उभी राहायची आणि नाशिकच्या एक बाई फोनवरून बघायच्या. माझी आई भाकरी टाकायच्या आधी विचारायची, 'गोठ्यात जाऊ का, का अजून छर्रे उडवून राहिली?' अशी चार वर्षं. मग राज्याचं कांस्य आणलं. तेव्हा तुमचा समोरासमोरचा क्लास होता कुठे, सर?"

तो फार गंभीरपणे म्हणाला, "गोठ्यातून कांस्य?"

"गोठ्यातून."

"गाईचा विमा काढला होता का?"

चहा माझ्या नाकात गेला. मी हसताना ठसकले, त्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला, ग्लासाला टेकलेला फोन आडवा पडला... आणि बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. नेमका त्या दिवशी अर्धा तास अर्ध्या तासातच संपला.

"रविवारी रेंजवर या," तो मागून ओरडला.

"आधी तुम्ही बुधवारी ऑनलाइन या. संध्याकाळी सहा. उशीर चालत नाही."

बुधवारी सहाला तो आला. म्हणजे त्याचं कपाळ आलं, आणि वर फिरणारा पंखा. बाकीचा चेहरा कॅमेऱ्यात कसा आणायचा हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. नीतूने पिस्तूल उचललं. मी म्हणाले "खांदा", त्याच क्षणी कपाळ म्हणालं "कोपर".

नीतूने पिस्तूल खाली ठेवलं.

"सर, मॅडम... तुमी दोघंही चांगले आहात. पण तुमी माया डोक्यात भांडून राहिले जी. ट्रिगर दाबायच्या टायमाले मले तुमी दोघंही ऐकू येता. आधी माये पाचशे अठ्ठेचाळीस येत होते, मागच्या रविवारी पाचशे एकतीस आले. राज्याची स्पर्धा वीस दिवसांवर हाय. आधी आपसात बोला ना."

आणि तिने फोन ठेवला. स्क्रीनवर मी उरले आणि एक कपाळ.

"गेली," कपाळ म्हणालं.

"दिसलं."

"...चूक आपली हाय ना?"

"हो. आणि आधी तो फोन खाली करा. तुमचं कपाळ मला पाठ झालं."

फोन हलला, पंखा गेला आणि त्याचा चेहरा आला, थोडा ओशाळलेला. आम्ही चाळीस मिनिटं नीतूबद्दल बोललो. मग दहा मिनिटं भलत्याच कशाबद्दल. दुसऱ्या दिवशी नीतूबद्दल दहा मिनिटं आणि भलत्याच कशाबद्दल चाळीस. तो बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात क्लास घेतो, मिल त्याच्या काकांची. एनसीसीत बंदूक हातात आली आणि मग सुटलीच नाही. मी त्याला सांगितलं की आमचा तलाव या वर्षी काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी गेलं आणि बाबा तीन दिवस आनंदात नुसते फिरत होते. रोज काहीतरी सांगायचं साठायचं.

रविवारी पहाटेची गाडी धरून मी कुडव्याला गेले. गोदामात अजून कोंड्याचा वास होता. पाच लेन, पांढरे दिवे, भिंतीवर त्याच्या हाताने लिहिलेलं 'घाई करू नका'. आधी मी नीतूच्या खांद्यावर हात ठेवला आणि दचकले. खांदा कडक होता, दगडासारखा. दोन महिने मी तोच खांदा रोज फोनवर बघत होते. ताण आहे हे दिसत होतं, पण एवढा आहे हे कळलंच नव्हतं.

मग मी दाराजवळ उभी राहून तिचे दहा छर्रे बघितले. आणि मला एक गोष्ट दिसली.

"सर, इकडे या," मी हळूच म्हणाले. "नीतूच्या कोपराकडे नको, तिच्या डोळ्यांकडे बघा."

प्रत्येक छर्ऱ्यानंतर ती आधी त्याच्याकडे बघायची. मग माझ्याकडे. निशाण्याकडे सर्वांत शेवटी.

"व्हिडिओतही ती अशीच माझ्या कॅमेऱ्याकडे बघते," मी म्हणाले. "मला वाटायचं, मला नमस्कार करते आहे."

त्याने श्वास सोडला. "म्हणजे ती आपल्यासाठी नेम लावून राहिली."

"मग आपण इथे नको."

स्पर्धेत साठ छर्रे मारायला पंचाहत्तर मिनिटं मिळतात. आम्ही तिला घड्याळ लावून दिलं, तिचा फोन काढून घेतला आणि बाहेर पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसलो. दार बंद. पाऊस चालूच होता. आतून मिनिटा-दीड मिनिटाने एक बारीक 'टक्' यायचा.

पहिली दहा मिनिटं आम्ही नुसते ते टक् मोजले.

"तुमची कांस्यची मॅच बघितली मी," तो पावसाकडे बघत म्हणाला. "इंटरनेटवर हाय. तीन वेळा... सात वेळा."

"कोपर बघायला?"

"कोपर पहिल्याच वेळी बघून झालं."

टक्.

मी ओढणीचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं. "मग बाकीच्या सहा वेळा?"

"शेवटचा छर्रा मारल्यावर तुम्ही गालावरची बट मागे करता... अशी." त्याने हात उचलला, माझ्या गालाजवळ आणला, आणि तिथेच थांबवला. "ते फोनवर नीट दिसत नाही."

"सर, तुम्ही तर म्हणायचे, हात धरून शिकवावं लागतं."

"शिकवायचं असेल तर," तो म्हणाला. "इथं मीच शिकून राहिलो."

मी ती बट स्वतःच मागे केली. सावकाश, त्याला नीट दिसेल अशी. त्यानंतर किती टक् झाले ते दोघांनीही मोजलं नाही.

दार उघडलं. नीतू कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. "पाचशे सत्तावन्न!" ती ओरडली, आणि मग तिची नजर आमच्यावर थांबली. "पण तुमी भिजले कसे? शेडखालीच बसले होते ना?"

आम्ही वर बघितलं. पत्र्याला बरोबर आमच्या डोक्यावर भोक होतं.

राज्य स्पर्धा नागपूरला होती. आत मोठा हॉल, पुढे नेमबाज, मागे खुर्च्यांवर आमच्यासारखे लोक. पंच आल्या आल्या सांगून गेले, बोलायचं नाही, फोन आवाज बंद करून. पुढच्या फेरीला पाचशे पन्नास लागणार होते. नीतूने पिस्तूल उचललं, मागे वळूनही बघितलं नाही, आणि आम्ही दोघं एकमेकांना लागून, तोंड बंद करून बसलो.

पंचावन्नाव्या छर्ऱ्याला माझ्या हातातला फोन थरथरला. शेजारून मेसेज आला होता.

'आजनंतर बुधवारचं काय?'

मी लिहिलं, 'बुधवार दर आठवड्याला येतो.'

'तसं नाही.'

'मग कसं?'

माझ्या स्क्रीनवर दिसत होतं की तो लिहितो आहे. मग थांबला. मग लिहितो आहे. वीतभर अंतरावर त्याचा अंगठा अक्षरांवर फिरत होता, पुसत होता, पुन्हा फिरत होता. मी मान न वळवता समोर बघत राहिले. नीतूचा दहा. पुन्हा दहा. एक आठ... मग नऊ.

मेसेज आला. 'तुमच्या घरी यायचं म्हणतो. आईबाबांना भेटायला. मी पोवार, तुम्ही कोहळी, जात वेगळी. त्यांना चालेल का?'

त्या क्षणी हातात पिस्तूल असतं तर माझा निशाण्याचा कागदसुद्धा चुकला असता. पण मी स्वच्छ लिहिलं, 'त्यांचं मी बघते. तुम्ही मला अजून काहीच विचारलेलं नाही.'

त्याने वाचलं. कान लाल झाले. त्याने फोन बंद करून खिशात टाकला. मला वाटलं, आता हा मॅच संपेपर्यंत थांबणार. तो माझ्याकडे वळला आणि त्या शांत हॉलमध्ये, जमेल तितक्या हळू म्हणाला, "आचल... मले तू आवडते."

हळू म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. पंचांनी चष्म्यावरून बघितलं. पुढे नीतूचा हात मात्र हलला नाही. तिने शेवटचा छर्रा सोडला, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि आधी स्वतःच्या स्क्रीनकडे बघितलं. पाचशे त्रेपन्न. एकटीच हसली. मग आमच्याकडे वळली.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. गजेंद्र मात्र टाळ्या वाजवत नव्हता, माझ्याकडे बघत होता. "उत्तर?"

घरी आम्ही जी बोली बोलतो, ती मी आजवर त्याच्याशी बोलले नव्हते. त्याच्यासमोर मी नेहमी मॅडमच होते.

"इतकं शेजारी बसून राहिला," मी म्हणाले, "तरी तुले काऊन समजून नाई राहिलं रे?"

त्याने माझा हात धरला, चांगला घट्ट, आणि आम्ही तसेच उठून नीतूकडे गेलो.